खरेदीला मुहूर्त, देखभालीला वाली नाही

24 एप्रिल 2024 रोजी रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्रा बँकेला दोन गोष्टी तातडीने थांबवायला सांगितल्या: ऑनलाइन व मोबाइलवरून नवे ग्राहक घेणे आणि नवी क्रेडिट कार्डे देणे. दुसऱ्या दिवशी बँकेचा शेअर दहा टक्क्यांहून अधिक पडला आणि चर्चा त्या पडझडीचीच झाली. त्यापेक्षा वाचण्यासारखी होती ती आदेशातली कारणांची यादी. आपल्याकडे कोणती यंत्रे आणि प्रणाली आहेत याची नोंद ठेवणे, सॉफ्टवेअरमधले दोष वेळच्या वेळी बुजवणे, बदल शिस्तीने करणे, कोणाला कुठवर प्रवेश आहे हे पाहणे, बाहेरच्या पुरवठादारांची जोखीम तपासणे, माहिती बाहेर गळू न देणे, यंत्रणा कोसळली तर कारभार चालू ठेवण्याची तयारी करणे, या सगळ्यांत गंभीर उणिवा सापडल्या होत्या. 2022 आणि 2023 या दोन वर्षांच्या तपासणीतून त्या समोर आल्या होत्या. ही यादी कमालीची कंटाळवाणी आहे. त्यात नव्या जमान्याचे एकही तंत्रज्ञान नाही. एखाद्या जुन्या गोदामातला चोख कारकून मालाची, किल्ल्यांची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची जी नोंद ठेवतो, तेवढेच काम संगणकाच्या बाबतीत नीट झाले नव्हते.

व्यवसायातले माहिती तंत्रज्ञान सांभाळणे म्हणजे काय, याचे उत्तर या कंटाळवाण्या यादीत आहे असे माझे मत आहे. आपल्याकडे हा विषय निघाला की बोलणे खरेदीकडे वळते: कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, क्लाउडवर जावे का, एआय कधी आणावे. खरेदी हा एका दिवसाचा समारंभ असतो. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे जी देखभाल करावी लागते, तिथे संस्था तरतात किंवा बुडतात. आणि ही देखभाल आयटी विभागाच्या हातात फारशी नसते. ती पैसा आणि वेळ मंजूर करणाऱ्यांच्या, म्हणजे मालकाच्या आणि संचालक मंडळाच्या हातात असते.

देखभाल उपाशी राहते त्याला कारण आहे, आणि ते कोणाच्या मूर्खपणात शोधण्याची गरज नाही. नव्या ॲपचे अनावरण होते, जाहिरात होते, बढत्या मिळतात. जुना सर्व्हर वेळेवर बदलला म्हणून कोणाचा सत्कार होत नाही, कारण बदलल्यामुळे जे घडले नाही ते दिसत नाही. हिशेबाची रीतही त्यात भर घालते. नवी प्रणाली बहुधा भांडवली खर्चात बसते आणि ताळेबंदात मालमत्ता म्हणून मिरवते. दुरुस्तीचा खर्च मात्र थेट त्या वर्षीच्या नफ्यातून वजा होतो. दुरुस्ती पुढे ढकलली की बचत या वर्षी दिसते आणि फटका बसेपर्यंत खुर्चीवर बहुधा दुसरा कोणी असतो. अशा रचनेत शहाणी माणसेही काम पुढे ढकलत राहतात.

एचडीएफसी बँकेचे उदाहरण याच साच्यातले. दोन वर्षांत सेवा वारंवार बंद पडल्या. नोव्हेंबर 2020 मध्ये मुख्य डेटा सेंटरमधली वीज गेली आणि पुन्हा तेच झाले. 2 डिसेंबरच्या आदेशाने रिझर्व्ह बँकेने नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डे रोखली. कार्डांवरची बंदी ऑगस्ट 2021 मध्ये उठली, उरलेले निर्बंध मार्च 2022 मध्ये. त्या आदेशातला एक मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: त्रुटी संचालक मंडळाने तपासाव्यात आणि जबाबदारी निश्चित करावी. डेटा सेंटरमधल्या विजेचा प्रश्न अशा रीतीने संचालकांच्या टेबलावर आला. कोटकच्या वेळीही नियामकाचा सूर तोच होता. धंदा ज्या वेगाने वाढला त्या मानाने यंत्रणा आणि तिच्यावरची नियंत्रणे उभी राहिली नाहीत, असे त्याने स्पष्ट म्हटले.

देखभाल चुकली की किती लवकर किती गमावता येते, हे पाहायला मात्र अमेरिकेत जावे लागते. नाइट कॅपिटल ही शेअर व्यवहारांतली बडी दलाल कंपनी होती. तिच्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाचा एक जुना कोड होता. त्याचा वापर 2003 मध्येच थांबला होता, पण तो काढून टाकण्याचे काम कोणी केले नाही. जुलै 2012 च्या अखेरीस नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तंत्रज्ञाने तो सातांवर चढवला. आठवा राहिला. दुसऱ्या माणसाने पडताळणी करावी असा लेखी नियमच नव्हता. 1 ऑगस्टला सकाळी बाजार उघडण्याआधी प्रणालीने या गडबडीकडे बोट दाखवणारे 97 ईमेल पाठवले, पण ते धोक्याचे इशारे म्हणून वाचण्याची पद्धत नसल्याने कोणी हलले नाही. बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवरचा नऊ वर्षे निजलेला कोड जागा झाला. ग्राहकांच्या 212 ऑर्डरींपोटी सुमारे 45 मिनिटांत 40 लाखांहून अधिक व्यवहार झाले. गोंधळात कर्मचाऱ्यांनी सात सर्व्हरवरचा नवा, म्हणजे बरोबर असलेला कोडच काढून टाकला, त्यामुळे जुना कोड तिथेही चालू झाला. नुकसान 46 कोटी डॉलरच्या पुढे गेले आणि पुढच्या वर्षी कंपनी दुसरीत विलीन झाली. दोष तंत्रज्ञाचा, असे म्हणणे सोपे आहे. पण बंद पडलेला कोड काढायला वेळ न देणे, पडताळणीला दुसरा माणूस न ठेवणे, इशाऱ्यांना वाचक न नेमणे हे तिन्ही निर्णय व्यवस्थापनाचे होते, आणि नवे काही विकत घेऊन त्यांतला एकही सुटला नसता.

मुंबईतल्या पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा आपण नीरव मोदी या नावाने ओळखतो. फेब्रुवारी 2018 मध्ये बँकेने सुमारे 11,400 कोटी रुपयांचा आकडा जाहीर केला, नंतर तो 13,000 कोटींच्या पुढे गेला. यात गुन्हा होता, संगनमत होते. पण शाखेतून स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्याने परदेशी हमीचे संदेश जात राहिले आणि ते बँकेच्या खात्यांत उमटले नाहीत, कारण स्विफ्ट आणि कोअर बँकिंग या दोन प्रणाली एकमेकींशी जोडलेल्याच नव्हत्या. स्विफ्टच्या गैरवापराबद्दल ऑगस्ट 2016 पासून निदान तीनदा सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितले. त्याहून बोलका प्रकार पुढचा आहे. एवढा गाजावाजा झाल्यावरही मार्च 2019 मध्ये स्विफ्टविषयक सूचना पाळल्या नाहीत म्हणून 36 बँकांना मिळून 71 कोटींचा दंड झाला. लुबाडणारे लोभी असतात हे खरेच, पण ज्या फटीतून ते शिरतात ती बुजवण्याचे काम मंजुरीच्या फायलीत पडून राहू शकते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: संचालकांना यातले काय कळते? त्यांनी माणसे नेमावीत आणि विश्वास ठेवावा. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने अगदी हेच केले. एप्रिल 2018 मधल्या एका शनिवार-रविवारी तिने 52 लाख ग्राहकांचे व्यवहार लॉइड्स बँकेच्या प्रणालीवरून स्वतःच्या नव्या प्रणालीवर हलवले. सोमवारी लाखो लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. पुढे झालेल्या स्वतंत्र चौकशीत दिसले की कामाचा आवाका कळण्याआधी तारीख ठरली होती आणि योजना त्या तारखेपासून उलटी मोजत आखली होती. डेटा सेंटर दोन होती, भार पेलण्याची चाचणी एकाचीच झाली. आधीच मागे पडलेले काम नव्या वेळापत्रकात कसे बसणार, हे मंडळाने नीट विचारले नाही. हा प्रश्न विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही; घर बांधून घेणारा माणूस कंत्राटदाराला तो रोज विचारतो. बँकेला अखेर 4.865 कोटी पौंडांचा दंड झाला.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. हे सगळे बाहेरच्या कंपनीला द्यावे, तिच्याकडे तज्ज्ञ असतात. द्यावेच, त्यात गैर काही नाही. पण टीएसबीचे काम तिच्याच तेव्हाच्या मालक बँकेच्या तंत्रज्ञान कंपनीने केले होते आणि तरीही 2023 मध्ये दंड झाला तो टीएसबीच्या माहिती तंत्रज्ञान प्रमुखाला, पुरवठादाराच्या तयारीची खातरजमा केली नाही म्हणून. तो वैयक्तिक दंड होता, 81,620 पौंडांचा. आपल्याकडे 31 जुलै 2024 ला सी-एज या सेवा पुरवठादाराकडे रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तोडले, आणि सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. दारात येऊन भांडणारा खातेदार सी-एजचे नाव घेत नाही, तो शाखा व्यवस्थापकाशी भांडतो. काम बाहेर दिले तरी दायित्व कमी होत नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2023 च्या आउटसोर्सिंगविषयक निर्देशांत लिहूनच ठेवले आहे.

तिसरा आक्षेप मला खरा अवघड वाटतो. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिण्याची वेळ आली. इथे फटका बसला तो सुरक्षेवर पैसे खर्च करणाऱ्यांना, अपडेट वेळेवर घेणाऱ्यांना. मग देखभालीचा आग्रह कशासाठी? उत्तर असे की अपडेट आपोआप आत येऊ देणे ही देखभाल नव्हे. ते आधी थोड्या यंत्रांवर, मग सगळीकडे, हा क्रम त्या प्रकारच्या अपडेटला कंपनीनेच लावला नव्हता आणि ग्राहकांच्या हातीही दिला नव्हता. तो तिने नंतर दिला. शिवाय त्या दिवशी ज्यांच्याकडे कागदावर काम चालवण्याची सवय शाबूत होती त्यांची विमाने उशिरा का होईना, उडाली. त्यामुळे हा प्रसंग माझ्या युक्तिवादाला मर्यादा घालतो, तो मोडत नाही: देखभालीतही बाहेरच्यावर किती विसंबायचे, याचा निर्णय कोणीतरी घ्यावाच लागतो.

राहता राहिले छोटे धंदे, आणि महाराष्ट्रात तेच संख्येने जास्त. ‘हे सगळे बँकांना ठीक, आमच्याकडे आयटी विभागच नाही,’ असे एमआयडीसीतला कारखानदार म्हणेल. त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. कोटकसारखी तपासणी त्याच्याकडे होत नाही आणि झालेली परवडणारही नाही. पण 5 कोटींच्या वर उलाढाल असेल तर ऑगस्ट 2023 पासून इतर धंद्यांना माल विकताना त्याला ई-इन्व्हॉइस काढावेच लागते. फर्म कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे, तो बंद करण्याची सोय असता कामा नये. म्हणजे संगणक बंद तर गाडी फाटकातून बाहेर पडत नाही. तरीही टॅलीचा मुख्य पासवर्ड अकाउंटंटच्या डोक्यात, ओटीपी जातो तो मोबाइल नोकरी सोडून गेलेल्याच्या खिशात, आणि बॅकअप त्याच संगणकाला लावलेल्या हार्ड डिस्कवर, अशी मांडणी सर्रास असते. रॅन्समवेअर आले की हिशेब आणि बॅकअप दोन्ही एकदम कुलूपबंद होतात. हे दुरुस्त करायला पैसा जवळजवळ लागत नाही. महिन्यातून एकदा बॅकअपमधून जुने बिल खरोखर उघडून पाहायचे, एक प्रत इमारतीबाहेर ठेवायची, सोडून गेलेल्याचे प्रवेश त्याच दिवशी काढायचे. हे मालकाने स्वतः विचारायला हवे, कारण त्याच्या हाताखालच्या कोणालाही ते न केल्याबद्दल आज जाब द्यावा लागत नाही.

मोठ्या बँका आणि वित्तसंस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2024 पासून लागू केलेल्या निर्देशांत दोन तरतुदी अशा आहेत की इतर उद्योगांनीही त्या उचलाव्यात. पहिली, संचालक मंडळाची माहिती तंत्रज्ञान समिती तिमाहीतून निदान एकदा भेटली पाहिजे आणि तिचा अध्यक्ष या क्षेत्रातला जाणकार स्वतंत्र संचालक हवा. दुसरी, माहिती सुरक्षेचा प्रमुख आयटी प्रमुखाच्या थेट हाताखाली नसावा आणि त्याला धंद्याचे उद्दिष्ट देऊ नये. दुसरी तरतूद जास्त नेमकी आहे. नवे ॲप दिवाळीआधी बाजारात आणण्याची घाई ज्याच्या डोक्यावर आहे, त्यालाच ‘थांबा, चाचणी अपुरी आहे’ असे म्हणायला सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. साखर कारखाना असो, रुग्णालय असो की दूध संघ, ‘थांबा’ म्हणू शकणारा आणि तसे म्हटल्याबद्दल ज्याची पगारवाढ अडणार नाही असा एक माणूस पगारपत्रकावर आहे का, हे वार्षिक अर्थसंकल्प मांडताना तपासता येते.