किल्ली नेमकी कोणत्या खणात?

समजा, एका कपाटाला न संपणारे खण आहेत. ‘सर्वच खण रिकामे असणे अशक्य आहे’ एवढे आपण सिद्ध केले. मग ‘कुठल्या तरी खणात किल्ली आहे’ हे सिद्ध झाले का? नेहमीचे तर्कशास्त्र होकार देते. डच गणितज्ञ ब्राउवर यांच्या अंतःप्रज्ञावादात मात्र आधी खण दाखवावा लागतो. (आम्हाला ही अट रास्त वाटते.)

आता प्रत्येक खण म्हणजे एक संभाव्य जग मानू. सोल क्रिप्के यांच्या १९६३ च्या मांडणीनुसार, इथून पोचता येणाऱ्या एखाद्या जगात विधान खरे असेल तर ते ‘शक्य’. अशा सर्व जगांत खरे असेल तर ‘अवश्य’. त्यामुळे एरवी ‘शक्य’ म्हणजेच ‘नसणे अवश्य नाही’. अंतःप्रज्ञावादात पहिल्यावरून दुसरे निघते, पण दुसऱ्यावरून पहिले निघत नाही.

मग सिद्धता लिहायची कशी? ॲलेक्स सिम्प्सन यांच्या एडिनबर्ग येथील १९९४ च्या प्रबंधात प्रत्येक विधानाला त्याच्या जगाची चिठ्ठी लावलेली असते. ‘क्ष’ जगातून ‘य’ जगात पोचता येते आणि ‘य’मध्ये विधान सिद्ध आहे, या दोन गोष्टी हाती असल्या, की ‘क्ष’मध्ये ते ‘शक्य’ असे लिहिता येते.