अंदाजाची रेषा आणि अंदाजाचा पट्टा

घराची किंमत कशावरून ठरते? मजल्याचें क्षेत्रफळ टेपानें मोजतां येतें, खोल्या बोटांवर मोजतां येतात. पण बांधकामाचें साहित्य ‘साधें’, ‘मध्यम’ कीं ‘उंची’, हें कोणत्या मापानें मोजावें? व्यवहारांत हे शब्द सर्वांस कळतात. गणिताची मात्र त्यांपुढें पंचाईत होते.

लजांद्र या फ्रेंच गणितज्ञानें १८०५ सालीं, धूमकेतूंच्या कक्षा ठरवितांना, लघुतम वर्गांची रीत प्रसिद्ध केली. नोंदी बिंदुरूपानें मांडावयाच्या आणि त्यांमधून अशी रेषा काढावयाची, कीं बिंदूंच्या तिजपासूनच्या अंतरांचे वर्ग मिळविले असतां बेरीज सर्वांत लहान यावी. उरलेला फरक म्हणजे वेध घेणाराची चूक, ही समजूत धूमकेतूंस शोभते. ‘उंची साहित्य’ या शब्दांतील संदिग्धता मात्र कोणाचीच चूक नव्हे. ती अर्थांतच आहे.

अशा संदिग्धतेला गणितांत स्थान दिलें तें बर्कली येथील लोत्फी झादे यांनीं, १९६५ सालीं. एखादी वस्तु संचांत आहे कीं नाहीं, एवढेंच न विचारतां ती किती अंशानें आहे, हें ० ते १ यांमधील संख्येनें सांगावयाचें. या ‘फझी’ संचांच्या आधारें जपानचे हिदेओ तानाका व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९८२ सालीं भाकिताची नवी रीत मांडली. उदाहरणहि त्यांनीं कारखान्यांत भाग तयार करून उभारलेल्या घरांच्या किंमतींचेंच घेतलें.

त्यांची युक्ति अशी, कीं गुणकच संदिग्ध धरावयाचा. समजा, साहित्य एका प्रतीनें चढलें म्हणजे किंमत ‘सुमारें २ लाख’ येन वाढते. २ लाख हा मध्य, तेथें अंश १. दीड किंवा अडीच लाखांवर अंश ०. असे गुणक घेतले म्हणजे उत्तरादाखल रेषा न येतां पट्टा येतो. नोंदलेली प्रत्येक किंमत ठरलेल्या अंशानें त्यांत सामावली पाहिजे, आणि तरीहि पट्टा होईल तितका अरुंद राहिला पाहिजे. हें कोडें ‘लिनीअर प्रोग्रॅमिंग’ या गणितानें सुटतें. हा पट्टा ‘शंभरांत पंचाण्णव वेळां’ अशा संभाव्यतेच्या हिशेबाचा मात्र नव्हे.

प्रत्येक नोंदीस आंत घेण्याचा हट्ट हाच या रीतीचा उणेपणा. एखादें घर भलत्याच भावानें विकलें गेलें, तर त्या एकट्यासाठीं सगळा पट्टा फुगतो. आणि ‘किंमत ५ ते ५० लाखांच्या दरम्यान’ हें भाकित घेऊन गिऱ्हाइकानें काय करावें? फिल डायमंड यांनीं १९८८ सालीं दोन संदिग्ध संख्यांमधील अंतर ठरवून लघुतम वर्गांचीच कसोटी येथें लावली. तींत कांहीं नोंदी बाहेर राहिल्या तरी चालतें. नोंदी विपुल आणि मापें चोख असतील तेथें जुनी रेषाच बरी. पट्ट्याचा खरा उपयोग नोंदी दहाबाराच असतात आणि पारखी माणूस साहित्यावर नुसती नजर टाकून ‘मध्यम’ म्हणतो, तेथें.