कृपया हात लावा!

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे, दबक्या आवाजातील बोलणे आणि 'वस्तूंना हात लावू नये' ही पाटी डोळ्यांपुढे उभी राहते. कमाटीबागेतील आपल्या 1894 सालच्या संग्रहालयाविषयी बडोद्यातील प्रत्येक पिढीला अभिमान आहे. मात्र तीन वर्षांच्या मुलाला घेऊन तेथे फिरताना आईवडिलांची होणारी दमछाकही आपल्या परिचयाची आहे. यात दोष मुलाचाही नाही आणि संग्रहालयाचाही नाही. लहान मूल हातांनी पाहते. वस्तू उचलणे, आपटणे, उलटी करणे, तोंडात घालणे ही त्याची अभ्यासाची पद्धत होय.

बालकाच्या या स्वभावाचाच पाया करून संग्रहालय उभारण्याचा विचार अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रुजला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 1899 साली जगातील पहिले बालसंग्रहालय सुरू झाले. बोस्टन येथे 1913 साली विज्ञान शिक्षकांच्या पुढाकाराने दुसरे निघाले. 1925 साली इंडियानापोलिसचे संग्रहालय स्थापन झाले. आज ते जगातील सर्वांत मोठे बालसंग्रहालय मानले जाते. या विखुरलेल्या प्रयत्नांना एकत्र आणण्यासाठी 1962 साली एक ना-नफा व्यावसायिक संघटना जन्माला आली. तिचे आजचे नाव 'असोसिएशन ऑफ चिल्ड्रन्स म्युझियम्स'. अमेरिकेत आणि अन्य देशांत मिळून चारशेहून अधिक संस्था तिच्या सभासद आहेत.

त्याच 1962 साली बोस्टनच्या बालसंग्रहालयाचे संचालकपद मायकेल स्पॉक यांच्याकडे आले. आपल्या व्यवसायबंधूंना हे आडनाव परिचित वाटेल. बालसंगोपनावरील ज्यांच्या 1946 सालच्या पुस्तकाने जगभरच्या मातांना धीर दिला, त्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे हे पुत्र. मायकेल यांना बालपणी वाचनाची अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया होता. छापील अक्षर ज्याला सहज वश होत नाही, त्या मुलाने जग समजून घ्यावे कसे, हा प्रश्न त्यांनी स्वतः जगला होता. त्यांनी काचेची कपाटे बाजूला सारली. रोजच्या वापरातील वस्तू मधोमध कापून त्यांचे अंतरंग मुलांपुढे मांडणारे 'आत काय आहे?' अशा आशयाचे प्रदर्शन त्यांनी भरवले. शाळांना वापरण्यासाठी साहित्याच्या पेट्या तयार झाल्या. पुढे 1978 साली याच संग्रहालयात जेरी रॉबिन्सन यांनी अगदी लहान बालके आणि त्यांचे पालक यांच्यासाठी स्वतंत्र खेळघर उभारले. मूल खेळते आहे आणि आई शेजारी बसून त्याला न्याहाळते आहे, यातून आईचेही शिक्षण होते, ही त्यामागची दृष्टी होती. बाह्यरुग्ण विभागातील दहा मिनिटांत जे आम्हांला सांगून साधत नाही, ते तेथे पाहून साधते.

एखाद्या शहरातील असा यशस्वी प्रयोग दुसऱ्या शहरात पोहोचवणे, हेच संघटनेचे काम. वार्षिक परिषद भरवणे, नियतकालिक काढणे, कामाचे मानदंड ठरवणे आणि नव्याने संग्रहालय काढू इच्छिणाऱ्यांना मार्गदर्शन करणे, ही तिची कामे आपल्या वैद्यकीय संघटनांच्या कामांशी मिळतीजुळती आहेत.

परंतु मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो तो तिचा 2014 सालचा उपक्रम. खेळातून शिकण्याची खरी निकड ज्या घरांत आहे, त्या घरांना प्रवेशशुल्क परवडत नाही, हे ध्यानी घेऊन संघटनेने अमेरिकेच्या केंद्रीय संग्रहालय-ग्रंथालय सेवा संस्थेच्या सहकार्याने 'म्युझियम्स फॉर ऑल' ही योजना सुरू केली. सरकारी अन्नसाहाय्याचे कार्ड दाखवणाऱ्या कुटुंबातील चार जणांपर्यंत प्रवेश मोफत, किंवा माणशी फार तर तीन डॉलर. वेगळा अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. आपल्याकडे शिधापत्रिका दाखवताच बागेचे फाटक उघडावे, तसे हे आहे. बालसंग्रहालयांचा चरितार्थ बव्हंशी तिकिटांवर चालतो, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. 2020 साली कोविडच्या साथीत स्पर्शच वर्ज्य ठरला, दारे बंद झाली आणि ही आर्थिक बाजू किती नाजूक आहे, हे सर्वांनाच उमगले.

हा विषय मी डॉक्टरांच्या स्मरणिकेत का मांडतो आहे? 'दोन वर्षांचा झाला, अजून बोलत नाही' आणि 'मोबाइल दाखवल्याखेरीज घास घेत नाही' ही दोन वाक्ये आज माझ्या दवाखान्यात वरचेवर ऐकू येतात. अशा प्रत्येक मुलाची श्रवणशक्ती आणि विकासाचे टप्पे तपासलेच पाहिजेत. सारा दोष पडद्यावर ढकलून मोकळे होणे योग्य नव्हे. तथापि पुष्कळ घरांत मुलाच्या हाताला काम आणि कानाला संवाद मिळत नाही, हेही तितकेच खरे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2018 साली खेळाचे महत्त्व विशद करून, पहिल्या दोन वर्षांतील तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी 'खेळाची चिठ्ठी' लिहून द्यावी, अशी शिफारस केली. औषध लिहून देणे सोपे आहे. ते मिळण्याचे ठिकाणही असावयास हवे.

आपला प्रदेश या विचाराला अपरिचित नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग 1893 साली ज्या अमरेलीत आरंभला, त्याच अमरेलीत 1955 साली बालसंग्रहालय स्थापन झाले. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी-कोसबाडला बिया, शंख-शिंपले, पाने यांतून बालशिक्षणाचे साहित्य घडवले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही 2019 पासून मुलांचे स्वतंत्र दालन आहे.

बडोद्यात बालसंग्रहालयाची इमारत उभी करणे आपल्या मंडळाच्या आवाक्यातले नसेल. पेटी मात्र निश्चित आहे. लाकडी ठोकळे, झाकणांचे डबे, कापडाचे निरनिराळे पोत, भिंग, लोहचुंबक, मोठ्या चित्रांची मराठी आणि गुजराती पुस्तके अशा दहा पेट्या तयार कराव्यात. कोणत्या वयाला काय द्यावयाचे, हे आपण बालरोगतज्ज्ञांनी ठरवावे. लहानग्यांच्या पेटीत घशात अडकेल असे काहीही नसावे, आणि भिंग व लोहचुंबक मोठ्या मुलांसाठीच राखावेत. या पेट्या दर महिन्याला एका अंगणवाडीतून दुसऱ्या अंगणवाडीत फिराव्यात. ज्यांच्या दवाखान्यात जागा आहे, त्यांनी प्रतीक्षागृहाचा एक कोपरा सतरंजी घालून मुलांना द्यावा. खेळणी रोज धुण्याची शिस्त आपणा डॉक्टरांना वेगळी शिकवावी लागणार नाही.

पुढील वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे. सभासदांनी त्याला अनुमोदन द्यावे आणि त्या त्या कोपऱ्यात 'कृपया हात लावा' अशी पाटी आवर्जून लावावी, ही नम्र विनंती.