भट्टीचा वायु आणि उपनगरांतील कचरा

लोखंड करणाऱ्या झोतभट्टीच्या माथ्यावरून निघणारा वायु पूर्वी निव्वळ टाकाऊ समजला जात असे. भट्टींत वरून लोहखनिज, कोक व चुनखडी टाकावयाची, खालून तापलेल्या हवेचा झोत सोडावयाचा, वितळलेलें लोखंड तळाशीं जमूं द्यावयाचें. आणि माथ्याशीं निघेल तो वायु आकाशांत पेटत राहावयाचा. पुढें तो नळींतून खालीं आणून झोताची हवा तापविण्यास व वाफ करण्यास वापरूं लागले. परंतु इंजिनाच्या सिलिंडरांत तो प्रत्यक्ष जाळतां येईल, असें फारसें कोणास वाटलें नव्हतें.

वाटावें तरी कसें? ह्या वायूंत सुमारें निम्मा भाग नायट्रोजनचा, म्हणजे न जळणारा. जळण्याजोगा मुख्य अंश कार्बन मोनॉक्साइडचा, तोहि पाव हिश्श्याच्या आसपास. (दारें लावून कोळशाची शेगडी पेटवून निजणें प्राणघातक ठरतें तें ह्याच वायूमुळें, त्याला वास नसतो, हें विशेष वाईट.) एका घनमीटरांत उष्णता अवघी ९०० किलोकॅलरींच्या जवळपास. दगडी कोळशापासून काढलेल्या, दिवे लावण्याच्या वायूंत ती पांचपट असे.

पण येथेंच खरी गंमत आहे. सिलिंडरांत नुसता वायु शिरत नाहीं. वायु व हवा यांचें मिश्रण शिरतें. श्रीमंत वायूला जळण्यास पांच-सहापट हवा लागते. ह्या दरिद्री वायूस स्वतःहून कमीच हवा पुरते. म्हणून मिश्रण मिश्रणाशीं ताडून पाहिलें असतां पांचपटीचा फरक जेमतेम दीडपटीवर येतो. शिवाय हें मिश्रण अधिक दाबलें तरी अवेळीं भडकत नाहीं.

इ. स. १८९५ मध्यें स्कॉटलंडांत थ्वेट यांनीं असें लहान इंजिन चालवून दाखविलें. त्याच सुमारास बेल्जममधील कॉकरिल कारखान्यानेंहि प्रयोग आरंभिले, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत त्यांचें ६०० अश्वशक्तीचें इंजिन लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. अडचण होती ती धुळीची. भट्टींतली बारीक धूळ सिलिंडरांत शिरली कीं दट्ट्या झिजलाच. म्हणून वायु धुऊन स्वच्छ करण्याचीं यंत्रें इंजिनाइतकींच महत्त्वाचीं ठरलीं. पुढें वाफेचीं टर्बाइनें सुधारलीं व अशीं अवाढव्य इंजिनें मागें पडलीं. आज भट्टीचा वायु बहुधा बाष्पकाखालीं जाळून त्या वाफेवर वीज करितात.

मुंबईच्या उपनगरांत झोतभट्टी नाहीं. टाकाऊ वायु मात्र आहे, आणि तो भट्टीच्या वायूहून कितीतरी सकस आहे. ओला कचरा ढिगाखालीं हवेवांचून कुजला म्हणजे जो वायु निघतो त्यांत निम्म्याच्या आसपास मिथेन असतो. उष्णता भट्टीच्या वायूच्या सुमारें पांचपट. हा मिथेन असाच सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायॉक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक तापमान वाढवितो, आणि ढिगांत पेटला तर काय होतें तें २०१६ च्या जानेवारींत देवनारच्या धुरानें शहराला दाखविलें.

हें ज्ञान मुंबईला नवें नाहीं. माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत (आजचें वडाळ्याचें ॲकवर्थ रुग्णालय) मैल्याच्या बंद टाक्यांतील वायु १८९७ च्या सुमारास दिव्यांकरितां घेऊं लागले, आणि १९०७ च्या सुमारास त्यावर इंजिनहि चालविलें. कॉकरिलच्या इंजिनाचीच ती धाकटी बहीण!

मग बोरिवलीजवळच्या गोराईस तसें कां झालें नाहीं? तेथें १९७२ पासून कचरा पडत होता. २००७ मध्यें तो थांबवून पुढें ढीग मातीनें व अभेद्य आच्छादनानें झांकला, वायूसाठीं नळ घातले. उपाय चांगला, पण उशिरा झालेला. भट्टी पेटती आहे तोंपर्यंत वायु रोज सारखाच मिळतो. कचऱ्याचें तसें नाहीं. आपल्या उष्ण व दमट हवेंत भाजीचीं देठें, सालें व उष्टें-खरकटें लवकर कुजतें आणि वायूचा मोठा भाग पहिल्या कांहीं वर्षांतच निघून जातो. ढीग पुरा झाल्यावर नळ घालणें म्हणजे दूध उतूं गेल्यावर पातेलें उतरविण्यासारखें आहे. कांजूरमार्गाला कचरा टाकतांनाच कप्पे पाडून वायु गोळा करण्याची योजना केली, व त्यावर वीजहि निर्माण केली, ती ह्याच कारणानें अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. जरी दुर्गंधीबद्दल भोंवतालच्या रहिवाशांची तक्रार खोटी नाहीं.

मुलुंडला २०१८ मध्यें कचरा टाकणें बंद झालें. तेथला जुना ढीग खणून चाळण्याचें काम पुढें हातीं घेण्यांत आलें. माती निराळी, प्लास्टिक निराळें, दगड-विटा निराळ्या असें करून जमीन मोकळी करावयाची, एवढाच त्याचा हेतु. ढिगांतला बराचसा वायु त्यापूर्वींच, अनेक पावसाळ्यांत, कोणाच्याहि उपयोगी न पडतां निघून गेलेला आहे.