नेमबाजीचे ऑनलाइन खेळ

नेमबाजीचे ऑनलाइन खेळ : आंतरजालाने जोडलेल्या संगणकांवर किंवा मोबाइल फोनवर अनेक व्यक्तींनी वा संघांनी परस्परांविरुद्ध खेळावयाचे, काल्पनिक शस्त्राने नेम साधण्यावर आधारलेले खेळ. बोलीभाषेत त्यांना ‘शूटर गेम’ म्हणतात. प्रत्येक खेळाडू आपल्या पडद्यावरील पात्र हलवितो. त्या हालचालीची वार्ता सर्व्हरकडे, म्हणजे दूरच्या मध्यवर्ती संगणकाकडे जाते आणि गोळी लागली की नाही याचा निवाडा बहुतेक स्पर्धात्मक खेळांत हा सर्व्हरच करतो. या खेळांची गोडी डावपेचांत आहे. मात्र चुरस टिकण्यासाठी प्रतिस्पर्धी तुल्यबळ असावे लागतात आणि सर्वांच्या हालचालींची वार्ता वेळेवर पोहोचावी लागते.

इतिहास : अमेरिकेत १९७३-७४ च्या सुमारास तयार झालेला ‘मेझ वॉर’ हा या प्रकारातील आद्य खेळांपैकी एक होय. ‘डूम’ (१९९३) व ‘क्वेक’ (१९९६) यांनी हा प्रकार लोकप्रिय केला, तर ‘काउंटर-स्ट्राइक’मुळे (१९९९) सांघिक स्वरूप रूढ झाले. ‘पबजी’ची मोबाइल आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि स्वस्त फोन व स्वस्त इंटरनेट यांच्या योगे हा खेळ भारतातील खेड्यांपर्यंत पोहोचला. भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी तिच्यावर बंदी घातली. तिच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला ‘बीजीएमआय’ हा खेळ जुलै २०२२ मध्ये वितरणातून काढण्यात आला व मे २०२३ मध्ये पुन्हा उपलब्ध झाला.

डावपेच : या खेळांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात पाच-पाच जणांचे दोन संघ ठराविक फेऱ्या खेळतात, उदा., काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट. दुसऱ्यात शंभरापर्यंत खेळाडू एका विस्तीर्ण भूभागावर उतरतात, सुरक्षित क्षेत्र आकुंचन पावत जाते व अखेरपर्यंत टिकणारा खेळाडू वा संघ विजयी होतो. पहिल्या प्रकारात मागील फेऱ्यांत मिळालेल्या रकमेतून शस्त्रे घ्यावी लागत असल्याने एखादी फेरी जवळजवळ सोडून देऊन पुढील फेरीसाठी रक्कम राखणे, हाही डावाचा भाग ठरतो. दुसऱ्या प्रकारात कोठे उतरावे, क्षेत्राच्या मध्याकडे केव्हा सरकावे आणि कोणती चकमक टाळावी, यांना महत्त्व असते.

दोहोंतही मोक्याचा कोपरा धरून बसणे आणि एकाच वाटेवर दोन बाजूंनी मारा होईल अशी मांडणी करणे, ही मूलतत्त्वे होत. तटबंदीच्या रचनेतही ही तत्त्वे आढळतात. मालवणनजीकच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये बांधण्यास प्रारंभ झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याचा दरवाजा दुरून सरळ नजरेस पडत नाही. बुरुजांमधील वळणाच्या वाटेने आत येणारा शत्रू दोन्ही बाजूंच्या माऱ्यात सापडावा, अशी त्याची योजना आहे.

तुल्यबळांची जुळवणी : अनोळखी खेळाडूंमधून समान बळाचे संघ निवडण्याचे काम संगणक करतो. या पद्धतीचे मूळ बुद्धिबळात आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन भौतिकीविज्ञ आर्पाड एलो (१९०३–९२) यांची गुणांकन पद्धती अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तीनुसार दोघांच्या गुणांकांत २०० चा फरक असल्यास वरच्या खेळाडूकडून सरासरी सु. ७६ टक्के व ४०० चा फरक असल्यास सु. ९१ टक्के गुणांची अपेक्षा धरली जाते. अपेक्षेहून अधिक यश मिळाल्यास गुणांक वाढतो, कमी मिळाल्यास घटतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास प्रचारात आणलेली ‘ट्रूस्किल’ ही पद्धती सांघिक खेळांनाही लागू पडते. तीत अंदाजित कौशल्याबरोबर त्या अंदाजाची अनिश्चितताही मोजली जाते; त्यामुळे नवख्याचा गुणांक झपाट्याने बदलतो आणि मुरलेल्याचा सावकाश.

जुळवणी करताना तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो : गुणांकांतील अल्प फरक, प्रतीक्षेचा अल्प काळ आणि संदेशवहनातील अल्प विलंब. एकाच वेळी खेळू इच्छिणारे पुष्कळ असल्यास तिन्ही साधतात. संख्या कमी झाली की एकीची झळ दुसरीला बसते.

विलंब व त्याची भरपाई : संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणाऱ्या काळाला खेळाडू ‘पिंग’ म्हणतात, तो मिलीसेकंदांत मोजतात. दृश्य पाहून बोट हलविण्यास माणसास सु. २०० ते २५० मिलीसेकंद लागतात. म्हणजे १०० मिलीसेकंदांचा विलंब हा या काळाच्या निम्म्याच्या आसपास भरतो. भरपाई म्हणून अनेक सर्व्हर काळ किंचित मागे नेऊन, गोळी झाडणाऱ्यास त्या क्षणी काय दिसत होते यावरून निवाडा देतात. त्यामुळे झाडणाऱ्यावरील अन्याय टळतो. पण भिंतीआड पोहोचलेला प्रतिस्पर्धी स्वतःच्या पडद्यावर सुरक्षित दिसत असताही मारला जातो. तसेच कोपऱ्यातून अचानक बाहेर येणाऱ्याला समोरचा आधी दिसतो व तेथे दबा धरून बसलेल्याला तो क्षणभर उशिरा दिसतो. अशा रीतीने विलंब नाहीसा होत नाही; त्याचा भार कोणी सोसावयाचा, एवढेच ठरते.

सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील स्थिती : मालवण ते मुंबई हे सरळ अंतर सु. ३४० किमी. आहे. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदास सु. २ लक्ष किमी. वेगाने जात असल्याने मुंबईतील सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास तत्त्वतः ४ मिलीसेकंदही लागू नयेत. सु. ३,९०० किमी. दूर असलेल्या सिंगापूरच्या सर्व्हरसाठी हाच काळ मुंबईहूनही सु. ४० मिलीसेकंद होतो. म्हणजे मुंबईत सर्व्हर असलेल्या खेळात मालवणच्या खेळाडूचे अंतरामुळे फारसे नुकसान होत नाही. अडचण असते ती अखेरच्या टप्प्याची. जांभ्या दगडाचे सडे, त्यांमधील खोल खाड्या आणि डोंगरउतारावरील वाड्या यांमुळे मोबाइल टॉवरचे संकेत सर्वत्र सारखे पोहोचत नाहीत. एका टॉवरची क्षमता त्यावरील सर्व ग्राहकांत वाटली जात असल्याने सायंकाळी, जत्रेच्या दिवसांत व पर्यटनाच्या हंगामात ती अपुरी पडते. पावसाळ्यात वीजपुरवठा खंडित होतो. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात या किनाऱ्यावरील वीज व दूरसंचार सेवा मोठ्या प्रमाणावर विस्कळित झाली होती.

याचा परिणाम गुणांकावरही होतो. गुणांक निकालांवरून काढलेला असल्याने खेळाडूचे कौशल्य आणि त्याची जोडणी यांचा हिशेब त्यात एकत्रच येतो. वारंवार विलंब सोसणाऱ्याचा गुणांक घसरतो, त्याची गाठ कमी कुशल प्रतिस्पर्ध्यांशी पडू लागते व पुढे तो सुमारे निम्मे सामने जिंकतो. संगणकाच्या दृष्टीने जुळवणी समतोल झालेली असते. खेळाडू मात्र आपल्या खऱ्या पायरीच्या खाली खेळत राहतो. विलंब कमीजास्त होत असेल, तर गुणांक मधल्या कोठेतरी स्थिरावतो. परिणामी सकाळी जोडणी चांगली असताना तो प्रतिस्पर्ध्यांना जड जातो आणि सायंकाळी स्वतःच्याच संघाला भार होतो. म्हणून केवळ जयपराजयाच्या प्रमाणावरून जुळवणीची न्याय्यता ठरविता येत नाही. सामन्यापूर्वी सर्व्हर निवडण्याची मुभा, सरासरी विलंबाबरोबर त्यातील चढउताराचीही दखल घेणे व घरोघर प्रकाशतंतूची जोडणी, हे यावरील उपाय होत. सर्व संघ एका सभागृहात एकाच जोडणीवर खेळविल्यास विलंब सर्वांना जवळजवळ सारखा पडतो. महत्त्वाच्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या बहुधा अशाच घेतात.

गैरप्रकार व नियमन : कुशल खेळाडूने नवे खाते उघडून नवख्यांत मिसळणे, दुसऱ्याच्या खात्यावर खेळून त्याचा गुणांक वाढविणे आणि आपोआप नेम साधणारी आज्ञावली वापरणे, हे प्रमुख गैरप्रकार होत. त्यांमुळे गुणांकावरील विश्वास उडतो. भारतात २०२५ च्या ऑनलाइन खेळविषयक अधिनियमाने ई-स्पोर्ट्स, म्हणजे संगणकीय खेळांच्या संघटित स्पर्धा, यांना क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली व पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली.

कोकणात रुजलेल्या कबड्डीतही तुल्यबळ संघांसाठी वयोगट व वजनमर्यादा ठरविलेल्या असतात. परंतु वजन सामन्यापूर्वी एकदा काट्यावर घेतले की पुरते; जोडणीतील विलंब सामना चालू असतानाही बदलतो. तो सतत मोजून जुळवणीत धरला गेला, तरच खाडीकाठच्या वाडीतील खेळाडू आणि शहरातील खेळाडू यांचा सामना खऱ्या अर्थाने बरोबरीचा म्हणता येईल.