सेप्टिक टँक: झाकणाखाली काय चालतं?

आजचा विषय जेवताना ऐकू नका, पण ऐका नक्की.

ऑक्टोबर २०२२, ऐन दिवाळीच्या तोंडावर. आपल्या वाघोलीत एका सोसायटीचा सेप्टिक टँक साफ करायला उतरलेल्या तीन कामगारांचा जीव गेला. २०२१ मध्ये वाघोली महापालिकेत आली, पण सगळीकडे ड्रेनेज लाईन पोचली नाही. त्यामुळे बऱ्याच घरांचा भार अजून टँकवरच आहे.

टँकमध्ये तीन थर असतात. जड मैला तळाला बसतो, तो गाळ. तेल-तूप वर तरंगतं, त्याची साय धरते. मधलं पाणी पाईपमधून शोषखड्ड्यात जातं. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळ कुजवतात, पण सगळा संपवत नाहीत. म्हणजे थोडा गाळ दरवर्षी साठणारच. गाळ आणि साय मिळून टँकचा एक तृतीयांश भाग व्यापला की उपसायची वेळ झाली. पुढे ढकललंत तर गाळ शोषखड्ड्यात जातो, माती बुजते, आणि मग कमोड तुंबतो.

साधारण दोन-तीन वर्षांनी टँक उपसावा. साताऱ्यातल्या वाई नगरपालिकेने हे वेळापत्रकच लावलंय: तक्रारीची वाट न बघता तीन वर्षांतून एकदा प्रत्येक घराचा टँक रिकामा करायचा. आपण मोबाईलमध्ये रिमाइंडर तरी लावू शकतो ना?

गाळ लवकर साठू नये म्हणून काय करायचं? सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स, उरलेलं तेल कमोडमध्ये टाकायचं नाही. ॲसिड बदाबदा ओतायचं नाही, जिवाणू मरतात. पावसाचं पाणी टँकमध्ये सोडायचं नाही. व्हेंट पाईप मोकळा ठेवायचा. आणि ती जिवाणूंची पावडर? ती टाकली तरी उपसा चुकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुजताना मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. मिथेन पेट घेतो, म्हणून झाकण उघडल्यावर काडी ओढायची नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असं अजिबात नाही. आत पडलेल्याला काढायला उतरलेला माणूसही तसाच कोसळतो. अशा वेळी उतरायचं नाही, आधी १०१ लावायचा.

सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्यांदाच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे सक्शन टँकरच बोलवा. ठेकेदार म्हणाला, "खालचा गाळ घट्ट झालाय, पोरगं उतरवतो", तर सरळ नाही म्हणा. पाणी मारून गाळ सैल करता येतो. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा: आपला टँक शेवटचा कधी उपसला, आणि कोणी?

भेटू पुढच्या भागात!