दुपदरी काचेच्या खिडक्यांतील वायुभरण : उष्णतारोधनाची कारणमीमांसा

प्रस्तावना

युरोप, कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत हिवाळ्याचे अनेक महिने घर कृत्रिमरीत्या गरम ठेवावे लागते. भिंती जाड करता येतात, छपरात रोधक द्रव्य भरता येते. परंतु खिडकी पारदर्शकच ठेवावी लागते. त्यामुळे घराच्या उष्णतारोधनातील सर्वांत कच्चा दुवा म्हणजे खिडकी. त्यावरचा उपाय म्हणून दोन काचा थोड्या अंतरावर बसवून मधली फट बंद करण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेत थॉमस स्टेटसन यांनी १८६५ साली अशा रचनेचे पेटंट घेतले होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन महागले आणि या फटीत साध्या हवेऐवजी आर्गॉनसारखा वायू भरण्याकडे उद्योगाचे लक्ष गेले.

भारतातील मोठ्या शहरांतही आता 'गॅस भरलेली काच' विकली जाते. महाविद्यालयांच्या इमारत समित्यांपुढे तिची माहितीपत्रके येतात आणि विज्ञानाच्या शिक्षकाला सल्ला विचारला जातो. हा वायू नेमके काय करतो, किती करतो आणि कोठे करत नाही, हे समजले तर वर्गात उष्णतेचा पाठ जिवंत होतो आणि संस्थेचा पैसाही योग्य ठिकाणी खर्च होतो.

काच नव्हे, फट महत्त्वाची

काच हा मुळात चांगला उष्णतारोधक नाही. तिची औष्णिक वाहकता सुमारे १ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन आहे. हवेची वाहकता केवळ ०.०२५, म्हणजे काचेच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी. म्हणून काच दुप्पट जाड केल्याने जवळजवळ काहीच साधत नाही. दोन काचांमध्ये कोंडलेला वायूचा पातळ थर मात्र मोठे काम करतो.

या फटीतून उष्णता तीन मार्गांनी जाते : वहन, अभिसरण आणि प्रारण. वहनात रेणू एकमेकांवर आदळून ऊर्जा पुढे देतात. अभिसरणात गरम काचेजवळचा वायू वर चढतो, थंड काचेजवळचा खाली उतरतो आणि फटीत एक चक्र सुरू होते. प्रारणात एका काचेकडून दुसऱ्या काचेकडे अवरक्त किरणांच्या रूपाने ऊर्जा जाते; त्यासाठी मध्ये वायू असण्याचीही गरज नसते. वायू बदलल्याने पहिल्या दोन मार्गांवर परिणाम होतो, तिसऱ्यावर होत नाही. पुढील सर्व विवेचनाची किल्ली या एका वाक्यात आहे.

जड वायू उष्णता कमी का वाहतो

विद्यार्थ्यांचा एक सर्वसाधारण गैरसमज असा की आर्गॉन 'निष्क्रिय' आहे म्हणून तो उष्णतारोधक आहे. रासायनिक निष्क्रियतेचा येथे संबंध नाही. हेलियमही तितकाच निष्क्रिय आहे, पण त्याची वाहकता हवेच्या सुमारे सहापट आहे. खिडकीत हेलियम भरला तर ती हवेच्या खिडकीपेक्षा वाईट ठरेल.

खरे कारण रेणूंच्या गतीत आहे. ठरावीक तापमानाला सर्व वायूंच्या कणांची सरासरी गतिज ऊर्जा सारखी असते; म्हणून जड कण सावकाश फिरतात. २० अंश सेल्सिअसला हवेच्या रेणूंची सरासरी गती सेकंदाला सुमारे ४६० मीटर, आर्गॉनच्या अणूंची ३९० मीटर आणि क्रिप्टॉनच्या अणूंची २७० मीटर असते. कण सावकाश फिरला की ऊर्जेची ने-आणही मंदावते. शिवाय नायट्रोजन व ऑक्सिजनचे रेणू दोन अणूंचे असल्याने ते गतीबरोबर स्वतःभोवती फिरण्याचीही ऊर्जा वाहून नेतात. एकअणू आर्गॉनला ती सोय नाही. परिणामी हवेची वाहकता ०.०२५ असता आर्गॉनची ०.०१७, क्रिप्टॉनची ०.००९ आणि झेनॉनची सुमारे ०.००५५ एवढीच असते.

या वायूंचा शोध ही रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक सुरेख कथा आहे. हवेतून मिळवलेला नायट्रोजन हा रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरतो, हे लॉर्ड रॅले यांच्या ध्यानात आले. त्या अर्ध्या टक्क्याचा पाठपुरावा करून रॅले आणि विल्यम रॅमसे यांनी १८९४ साली आर्गॉन शोधला. १८९८ साली रॅमसे व ट्रॅव्हर्स यांनी क्रिप्टॉन आणि झेनॉन वेगळे केले. १९०४ साली रॅले यांना पदार्थविज्ञानाचे आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जमशेटजी टाटा यांच्या नियोजित विज्ञान संस्थेबाबत सल्ला देण्यासाठी हेच रॅमसे १९०० साली भारतात आले होते आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली होती.

हवेत आर्गॉनचे प्रमाण ०.९३ टक्के आहे. द्रवरूप हवेपासून ऑक्सिजन काढताना तो जोडउत्पादन म्हणून मिळतो, म्हणून स्वस्त असतो. क्रिप्टॉन हवेच्या दहा लाख भागांत जेमतेम एक भाग असतो आणि झेनॉन त्याहूनही दुर्मीळ. म्हणूनच बाजारातील बहुतेक खिडक्यांत आर्गॉन असतो.

वर्गात करता येण्याजोगा हिशोब

खिडकीचे उष्णतारोधन यू-मूल्याने सांगतात. आतबाहेरच्या तापमानात १ अंशाचा फरक असता १ चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, ते हे मूल्य. ते जितके कमी तितकी खिडकी चांगली. हा हिशोब विजेच्या एकसर जोडणीसारखा मांडता येतो : प्रत्येक थराचा रोध काढायचा, बेरीज करायची आणि तिचा व्यस्तांक घ्यायचा.

खोलीकडील हवेच्या थराचा रोध ०.१३, बाहेरील थराचा ०.०४ आणि ४ मिलिमीटर जाडीच्या एका काचेचा ०.००४ धरतात. एकेरी खिडकीचा एकूण रोध ०.१७४, म्हणजे यू-मूल्य सुमारे ५.७ आले.

आता दोन काचा व मध्ये १६ मिलिमीटरची फट घेऊ. फट सोडून उरलेला रोध ०.१७८. फटीतील हवेचे वहन ०.०२५ भागिले ०.०१६, म्हणजे १.५६. साध्या काचेची उत्सर्जकता सुमारे ०.८४ असल्याने प्रारणाचा वाटा तब्बल ३.७. दोन्ही मिळून ५.२६, त्याचा रोध ०.१९, एकूण ०.३६८; यू-मूल्य २.७. एकेरी काचेच्या निम्म्याहून कमी.

हवेच्या जागी आर्गॉन भरला तर वहन १.५६ वरून १.०६ होते, पण प्रारण ३.७ तसेच राहते. यू-मूल्य २.७ वरून जेमतेम २.६ वर येते. सुधारणा केवळ ५ टक्के. फटीतून जाणाऱ्या उष्णतेपैकी ७० टक्के उष्णता प्रारणाने जात असता उरलेल्या ३० टक्क्यांवर केलेला उपाय तोकडाच पडणार.

म्हणून आधी प्रारणाचा मार्ग अडवावा लागतो. फटीकडील एका पृष्ठभागावर चांदीचा अतिशय पातळ थर असलेला लेप दिला, तर दृश्य प्रकाश बराचसा आरपार जातो, पण उत्सर्जकता ०.०४ पर्यंत उतरते. प्रारणाचा वाटा ३.७ वरून ०.२ होतो. अशा लेपित काचेत हवा असता यू-मूल्य १.३४ येते आणि आर्गॉन भरल्यास १.०३. येथे आर्गॉनमुळे होणारी सुधारणा २३ टक्के आहे. तोच वायू, तीच फट. पण लेप असल्यावर त्याचे मोल चौपटीहून अधिक वाढले. प्रत्यक्षात थोडे अभिसरण होते व फटीत थोडी हवाही राहते, म्हणून अशा काचेचे मूल्य सामान्यतः १.१ सांगितले जाते. खिडकीची चौकट यात धरलेली नाही, हेही लक्षात ठेवावे.

हा आकड्यांचा खेळ नव्हे. बाहेर उणे १० आणि आत २० अंश असता एकेरी काचेचा आतील पृष्ठभाग शून्याखाली सुमारे २ अंशांवर जातो आणि त्यावर दव गोठते. साध्या दुपदरी काचेचा पृष्ठभाग सुमारे ९ अंशांवर, तर लेप व आर्गॉन असलेल्या काचेचा १६ अंशांवर राहतो. खिडकीशेजारी बसून अभ्यास करणाऱ्या मुलाला हा फरक अंगावर जाणवतो.

फट किती रुंद असावी

फट वाढवली की वहन कमी होते, हे खरे. पण एका मर्यादेपलीकडे वायूला फिरायला जागा मिळते आणि अभिसरण सुरू होऊन मिळालेला फायदा बुडतो. हवा आणि आर्गॉन यांना सुमारे १५ ते १६ मिलिमीटरची फट मानवते. क्रिप्टॉन अधिक जड व घन असल्याने त्याचे अभिसरण लवकर सुरू होते. त्याला १० मिलिमीटरच्या आसपासची अरुंद फट पुरते. म्हणून जेथे चौकटीत जागा कमी असते, किंवा तीन काचा बसवायच्या असतात, तेथे महाग असूनही क्रिप्टॉनचा विचार होतो.

मग फटीतील थोडी हवा काढून टाकली तर? येथेही विद्यार्थी फसतात. वायूचा दाब निम्मा केला तर कण निम्मे होतात, पण प्रत्येक कण टक्कर होण्यापूर्वी दुप्पट अंतर जातो. त्यामुळे वाहकता तीच राहते. मॅक्सवेल यांनी एकोणिसाव्या शतकातच हे दाखवले होते. लाभ होतो तो जवळजवळ पूर्ण निर्वात केल्यावरच, आणि मग बाहेरील हवेच्या दाबाने काचा एकमेकींवर चेपू नयेत म्हणून मध्ये बारीक टेकू ठेवावे लागतात. निर्वात काच ही त्यामुळे वेगळीच आणि महाग वस्तू आहे.

गळती आणि आयुष्य

दोन काचांच्या कडेने धातूची किंवा प्लास्टिकची पोकळ पट्टी असते. तिच्यात ओलावा शोषणारे दाणे भरतात. पट्टीच्या बाजूंना ब्युटाइलचा थर आणि बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकोनचा थर देतात. भरताना साधारणतः ९० टक्के आर्गॉन राहील असे पाहतात.

आतबाहेरचा एकूण दाब सारखाच असूनही आर्गॉन हळूहळू बाहेर झिरपतो. कारण प्रत्येक वायू आपल्या आंशिक दाबाच्या उतारावरून वाहतो : आत आर्गॉन ९० टक्के, बाहेर एक टक्क्याहून कमी. युरोपीय मानकानुसार ही गळती वर्षाला १ टक्क्यापेक्षा कमी असावी लागते. त्या मर्यादेने मोजले तरी २० वर्षांनी सुमारे ७४ टक्के आर्गॉन उरतो आणि यू-मूल्य १.०६ वरून १.११ एवढेच होते. तेव्हा वायूची सावकाश गळती हे भिण्याचे कारण नाही. खरा धोका कडेचा सांधा फुटण्याचा आहे. त्याची खूण म्हणजे दोन काचांच्या मध्ये, पुसता न येणारे धुके. काच फुटून आर्गॉन खोलीत आला तरी तो विषारी नाही. तो आपल्या श्वासात रोजच असतो.

समुद्रसपाटीजवळ बनवलेली बंद काच लेहसारख्या सुमारे ३५०० मीटर उंचीवर नेली, तर बाहेरचा दाब बराच कमी असल्याने काचा फुगतात. दाब समतोल करण्यासाठी बारीक नळी ठेवली तर तिच्यातूनच आर्गॉन निसटतो. म्हणून अशा ठिकाणी काच कोठे व कशी बंद केली, हे आधी विचारावे.

उष्ण प्रदेशातील उपयोग

हैदराबाद, वडोदरा किंवा इंदूर येथे प्रश्न उलटा आहे. बाहेर ४२ अंश आणि वातानुकूलित संगणक कक्षात २६ अंश धरले तर फरक १६ अंशांचा. एकेरी काचेतून चौरस मीटरमागे ९२ वॅट, साध्या दुपदरीतून सुमारे ४३, लेपित दुपदरीतून २१ आणि तीत आर्गॉन असल्यास सुमारे १६ वॅट उष्णता आत येईल. आर्गॉनचा स्वतःचा वाटा ५ वॅटांचा. याउलट पश्चिमेच्या खिडकीवर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन पडत असेल, तर साध्या एकेरी काचेतून ४०० वॅटांहून अधिक थेट आत येतात. तेथे पहिला मान छज्जा, जाळी, झाडाची सावली आणि ऊन परतवणारा लेप यांचा. वायूचा क्रम शेवटचा. गोव्यासारख्या ठिकाणी आतबाहेरचा फरकच थोडा असल्याने वायूचा लाभ आणखी कमी. भारताच्या २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेतही खिडकीसाठी यू-मूल्याबरोबर सौर उष्णतेच्या शिरकावाची वेगळी मर्यादा घातली गेली, ती याच कारणाने. काश्मीर, लडाख, हिमाचल येथील थंडीत मात्र लेप आणि आर्गॉन ही जोडी आपले मोल वसूल करते.

समारोप

वायू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी भरणाचे प्रमाण, यू-मूल्य आणि सौर उष्णतेचा गुणांक लेखी मागावा. लेप आहे की नाही, हे मात्र मेणबत्तीने पाहता येते : ज्योत काचेसमोर धरल्यास चार पृष्ठभागांची चार प्रतिबिंबे दिसतात आणि लेपाच्या पृष्ठभागाचे प्रतिबिंब वेगळ्या रंगाचे असते. एवढ्या एका प्रयोगात परावर्तन, प्रारण आणि व्यवहार हे तिन्ही विषय विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतात. माहितीपत्रकात नुसते 'आर्गॉन' लिहिले असेल आणि लेपाचा उल्लेख नसेल, तर तो जादा पैसा ५ टक्क्यांसाठी दिला जाणार आहे, हे इमारत समितीला आकड्यांनिशी सांगणे शिक्षकाला आता अवघड जाऊ नये.